खाली केलेल्या ऑल व्हील ड्राइव्ह गाडीचं मागचं अलाइनमेंट: कॅम्बर आर्म आणि टो आर्म एक वर्ष वापरून

हा रिव्ह्यू मागच्या ॲडजस्टेबल आर्मच्या सेटचा आहे. दोन खालचे कॅम्बर आर्म, दोन टो आर्म. आर्म म्हणजे चाकाला गाडीशी जोडणाऱ्या दांड्या. कॅम्बर म्हणजे चाक वरून आत-बाहेर किती कललंय, टो म्हणजे वरून बघितलं तर चाकाचं पुढचं टोक किती आत-बाहेर वळलंय, आणि हे कोन लावणं म्हणजे अलाइनमेंट. एक वर्ष झालं, १४,००० किलोमीटर झाले, म्हणून आता लिहितोय. बसवल्या दिवशी लिहिलं असतं तर पाचपैकी पाच दिले असते, तिसऱ्या महिन्यात लिहिलं असतं तर दोन, आणि आज साडेतीन. का ते खाली आहे, जरा लांबलंय, घाई असेल त्यांनी टो आर्म घ्या आणि जा.

सुरुवात टायरपासूनच करावी लागेल. गाडी साधारण ३५ मिलिमीटर खाली घेतली होती, कॉइलओव्हर (उंची बदलता येणारे स्प्रिंग-शॉक) टाकून, दिसायला एकदम मस्त, चाक आणि फेंडरमधली ती चार बोटांची फट गेली, मी खूश. सहा-सात महिन्यांनी मागून एक घूं-घूं आवाज यायला लागला, वेग वाढला की वाढायचा, मला वाटलं हब बेअरिंग गेलं. बेअरिंग मागवणार तेवढ्यात गाडी जॅकवर घेतली, चाक काढलं आणि उलटं ठेवलं तर आतली कड साफ गुळगुळीत, एका ठिकाणी तारा दिसायला लागलेल्या. बाहेरच्या कडेला मात्र ५ मिलिमीटर नक्षी शिल्लक! बाहेरून उभं राहून बघितलं तर टायर अजून वर्षभर जाईल असंच कुणीही म्हणेल. हात फिरवला तर आतून बाहेर येताना गुळगुळीत आणि उलट दिशेने नेताना बोटाला करवतीसारखं लागायचं. आवाज बेअरिंगचा नव्हताच, ह्या करवतीचा होता.

आता साधी फ्रंट व्हील ड्राइव्ह असती तर मागचे दोन टायर बदलून विषय संपला असता. ऑल व्हील ड्राइव्हमध्ये तसं नसतं. चारही टायरचा घेर जवळजवळ सारखा लागतो, नाहीतर मधलं डिफरन्शियल नाहीतर क्लच पॅक (पुढच्या आणि मागच्या चाकांत ताकद वाटणारा भाग) सरळ रस्त्यावरसुद्धा सतत फरक भागवत बसतो आणि तापतो. सुबारू तर घेरात पाव इंचाच्या आत फरक ठेवा असं सांगतं, म्हणजे ६ मिलिमीटरच्या थोडं वर. ऐकायला बरं वाटतं पण हिशोब करा, नक्षीत १ मिलिमीटरचा फरक पडला की घेरात साधारण ६ मिलिमीटर पडतात, झालं, संपली सूट. माझ्या पुढच्या टायरवर ६ मिलिमीटर नक्षी होती आणि नवीन टायरला ८ असते. म्हणजे दोन मिलिमीटरच्या फरकापायी पुढचे दोन चांगले टायरपण काढून ठेवावे लागले. तेव्हा जो राग आला त्यातून ही सगळी खरेदी झालीय.

गाडी खाली घेतल्यावर मागे काय होतं ते थोडक्यात. मल्टिलिंकमध्ये, म्हणजे एकेक चाक अनेक आर्मवर धरणाऱ्या सस्पेन्शनमध्ये, वरचा आर्म बहुतेक वेळा खालच्यापेक्षा आखूड असतो, त्यामुळे चाक वर गेलं की वरचं टोक आत ओढलं जातं, चाक वरून आत कलतं, हा निगेटिव्ह कॅम्बर. कंपनीने हे मुद्दाम केलेलं असतं, वळणावर बॉडी झुकली की बाहेरचं चाक रस्त्यावर सपाट बसावं म्हणून. पण आपण गाडी खाली घेतो तेव्हा चाक कायमचंच वर गेलेलं असतं, वळण असो नसो. कॅम्बरबरोबर टो पण बदलतो, कारण टो लिंक (म्हणजे टो आर्मच) तिच्या स्वतःच्या कमानीत फिरते, तिचं कॅम्बरशी काही ठरलेलं नसतं. टो आत जाईल की बाहेर हे गाडीगाडीवर आहे, माझ्यात बाहेर गेला.

माझा पहिला कागद असा होता: कॅम्बर डावीकडे उणे २.६ अंश, उजवीकडे उणे २.३. टो डावीकडे उणे ०.२८, उजवीकडे उणे ०.३५, म्हणजे दोन्ही चाकं पुढून बाहेर उघडलेली. सगळे जण कॅम्बरकडे बोट दाखवतात कारण तो डोळ्यांना दिसतो, गाडीच्या मागे उभं राहिलं की चाकं फताडी दिसतात ना. टो डोळ्याला दिसतच नाही. पण टायर खाल्ला तो टोनेच. ०.३ अंश म्हणजे काहीच नाही असं वाटतं ना, तर दर किलोमीटरला ते चाक साधारण सव्वापाच मीटर आडवं घासलं जातं, हिशोब साधा आहे, शाळेतला टॅन्जंट. कॅम्बरने फक्त एवढं केलं की ते सगळं घासणं आतल्या कडेवर आणून ठेवलं. दोघं मिळून चोरी करतात आणि पकडला जातो कॅम्बर.

लगेच आर्म घेतले नाहीत, आधी दोन ठिकाणी साधं अलाइनमेंट करून बघितलं. माझ्या गाडीत मागे टोसाठी एक्सेंट्रिक बोल्ट आहे, म्हणजे बोल्टच्या डोक्याला मध्यापासून सरकलेलं वायसर, बोल्ट फिरवला की लिंकचं टोक थोडं आत-बाहेर जातं. कॅम्बरला मागे काहीच नाही, कंपनीने दिलाय तेवढा घ्या. पहिल्या ठिकाणी त्यांनी डावा टो अधिक ०.०६ वर आणला, उजवा उणे ०.१८ वर अडकला, बोल्ट टोकाला जाऊन टेकला. मग कागद हातात दिला, "एकूण टो बघा, उणे ०.१२, चालतंय." स्क्रीनवर हिरवंपण दिसत होतं. मला तेव्हा काही कळत नव्हतं, मी घेतला आणि निघालो. स्टिअरिंग सरळ रस्त्यावर एक सूतभर वाकडं, आणि ब्रेक मारला की मागचा भाग जरा हलल्यासारखा.

इथे एक गोष्ट कळायला मला फार वेळ लागला ती लिहून ठेवतो. मागच्या दोन चाकांचे टो वेगवेगळे असले तर गाडी त्यांच्या सरासरीच्या दिशेने जाते, खेकड्यासारखी किंचित तिरकी, आणि घासणं दोन्ही टायरमध्ये सारखं वाटलं जातं. म्हणून टायर किती घासणार हे एकूण टोवरून कळतं आणि गाडी सरळ जाणार का हे थ्रस्ट अँगलवरून, म्हणजे मागची चाकं गाडीला मधल्या रेषेपासून किती तिरकी ढकलतात त्या कोनावरून. माझा थ्रस्ट अँगल होता ०.१२, म्हणजे दोन टोमधल्या फरकाचा अर्धा. एकूण टो हिरवा दिसतोय म्हणून गाडी सोडून दिली तर स्टिअरिंग वाकडं राहणारच, मग अलाइनमेंटवाले पुढचे टाय रॉड (स्टिअरिंगच्या दांड्या) फिरवून स्टिअरिंग सरळ करतात आणि खोट झाकली जाते. पुढचं अलाइनमेंट मागच्याच्या हिशोबाने करायचं असतं, आधी मागे, मग पुढे. ज्या ठिकाणी तुम्हाला ऑल व्हील ड्राइव्हचं "फक्त पुढचं करून देतो" म्हणतील तिथून परत फिरा.

दुसऱ्या ठिकाणी तर मजाच झाली, मशीनवर सगळं छान आणलं, ५०० किलोमीटरनंतर परत मोजलं तर जैसे थे. आधी वाटलं बोल्ट सैल राहिला. सैल नव्हता, उलट जाम होता. एक्सेंट्रिक बोल्ट बुशच्या (आर्मच्या टोकातल्या रबराच्या) आतल्या लोखंडी नळीत गंजून एकजीव झाला होता, पान्ह्याने फिरवला की नळीसकट रबर पिळलं जायचं, रीडिंग बदलायचं, नट आवळला की हिरवं, आणि मग गाडी चालवताना खड्ड्याखड्ड्याने रबर आपल्या जागी परत यायचं. स्प्रिंगच झाली होती ती. ज्यांचं अलाइनमेंट "टिकत नाही" त्यांनी आधी हे बघा, बोल्ट फिरतोय का रबर पिळलं जातंय.

मग हा सेट घेतला. ब्रँडचं नाव लिहीत नाही, कारण खाली एकदोन तक्रारी आहेत आणि उगाच वाद नको. वरचा आर्म घ्यायचा की खालचा हा प्रश्न मला आठवडाभर पुरला. कॅम्बर कमी करायचा तर दोन रस्ते, वरचा आर्म लांब करून चाकाचं वरचं टोक बाहेर ढकला किंवा खालचा आखूड करून खालचं टोक आत ओढा. खाली घेतलेल्या गाडीत वरचं टोक बाहेर ढकललं की टायर फेंडरच्या कडेला लागतो, खड्ड्यात खर्रकन आवाज, आणि मग फेंडरची कड दुमडत बसा. म्हणून मी खालचा घेतला. चाक थोडं आत जातं, ड्राइव्ह शाफ्ट तीन-चार मिलिमीटर आत दबतो पण तेवढी सरकायची जागा आतल्या जॉइंटमध्ये असते. चाकांची रुंदी किंचित कमी होते, दिसायला फरक पडला म्हणे, मला तरी दिसत नाही.

खोक्यातून काढल्यावर पहिलं मत चांगलंच झालं. जाड स्टीलची नळी, वेल्डिंग एकसारखं, एका टोकाला पॉलियुरेथेन बुश, दुसऱ्या टोकाला गोल बेअरिंग आणि त्यावर रबरी बूट. दोन्ही टोकांना बुश नाही हे बरं केलंय, कारण मल्टिलिंकचा आर्म नुसता वरखाली होत नाही, थोडा पिळतोपण, दोन्हीकडे कडक पॉली असतं तर सस्पेन्शन अडकून बसलं असतं. मध्ये टर्नबकल, एका बाजूला उजवे आटे, दुसऱ्या बाजूला डावे, त्यामुळे आर्म गाडीवर असतानाच मधला भाग फिरवून लांबी बदलता येते. हे घेताना नक्की बघा! स्वस्तातले काही आर्म एका बाजूने सोडवूनच फिरवावे लागतात, अर्धा फेरा द्यायचा, परत बसवायचं, परत मोजायचं, अलाइनमेंटवाला तुम्हाला शिव्या देईल.

हा बदल किती बारीक होतो त्याचा हिशोब मी बसवायच्या आधीच काढला होता, सवय आहे. आट्यांची पिच १.५ मिलिमीटर, दोन्ही बाजूंनी मिळून एका पूर्ण फेऱ्याला ३ मिलिमीटर. माझ्या गाडीत हबवरच्या वरच्या आणि खालच्या जॉइंटमध्ये उभं अंतर साधारण ३२ सेंटिमीटर, त्या हिशोबाने १ अंशाला साडेपाच मिलिमीटर लागतात. म्हणजे एक फेरा जवळजवळ अर्धा अंश. मला साधारण १ अंश काढायचा होता, दोन फेऱ्यांचं काम. जुना आर्म आणि नवीन आर्म शेजारी ठेवून, भोकाच्या मध्यापासून मध्यापर्यंत मोजून, नवीन ६ मिलिमीटर आखूड करूनच बसवला. मशीनवर गेलो तेव्हा डावीकडे अर्ध्या फेऱ्याहून कमी फरक निघाला.

तक्रार पहिली इथेच. आटे किती आत गेलेत हे बाहेरून दिसत नाही. एक साधं भोक नळीला पाडलं असतं तर आत आट्याचं टोक दिसलं असतं, तेवढं केलेलं नाही. मी प्रत्येक टोक पूर्ण बाहेर काढून आटे मोजले आणि आटे असलेल्या दांडीच्या जाडीच्या किमान दीडपट आत राहील अशी खूण रंगाच्या पेनने केली. लांब करायची वेळ आली तर ह्या खुणेच्या पुढे जायचं नाही. सूचनांच्या कागदात ह्याबद्दल एक अक्षर नाही, कागद म्हणजे एक चित्र आणि "तज्ज्ञाकडून बसवून घ्यावे".

बसवणं हे अर्ध्या दिवसाचं काम असं सगळीकडे लिहिलेलं असतं. मला दोन दिवस लागले, त्यातला एक अख्खा दिवस त्या गंजलेल्या एक्सेंट्रिक बोल्टने खाल्ला. तेल मारलं, तापवलं, हातोडा मारला, काही नाही. शेवटी बुश आणि सबफ्रेमच्या (आर्म ज्याला जोडलेले असतात त्या चौकटीच्या) मधल्या फटीत करवत घालून दोन्ही बाजूंनी कापला, पाठीवर पडून, चेहऱ्यावर लोखंडाचा चुरा, चष्मा लावा बाबांनो. नवीन बोल्ट आणि वायसर आधीच आणून ठेवा, कापायची वेळ येणारच आहे असं धरूनच चाला. नवीन बोल्टला जाम होऊ न देणारी पेस्ट लावली, नळीच्या भागालाच, आणि एक्सेंट्रिक बरोबर मध्यावर ठेवून आवळला. आता टो त्या बोल्टने करायचाच नाही, टो आर्मच्या स्वतःच्या आट्यांनी करायचा. वायसर सरकायची भानगडच संपली. ह्या एका गोष्टीसाठी टो आर्म वसूल आहेत.

दुसरी तक्रार, हेडलाइटची उंची आपोआप बदलणारा सेन्सर मागच्या खालच्या आर्मला लटकलेला असतो माझ्या गाडीत, आणि नवीन आर्मला त्याची पट्टी बसवायला जागाच नाही. आधी लक्षात आलं नाही, सगळं आवळून झाल्यावर हातात एक वायर आणि एक छोटी दांडी उरली, तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. पत्र्याची पट्टी वाकवून क्लॅम्पने बसवली, चालतेय. चाकाच्या स्पीड सेन्सरच्या वायरची क्लिपसुद्धा नाही, तिथे झिप टाय. ही वायर ड्राइव्ह शाफ्टपासून लांब बांधा, शाफ्टला लागून तुटली की एबीएसबरोबर ट्रॅक्शन कंट्रोलपण जाईल आणि डॅशबोर्डवर रोषणाई.

रबरी बुशचे बाकीचे बोल्ट, म्हणजे ट्रेलिंग आर्म वगैरे जे ह्या कामात सैल केले, ते चाक लटकत असताना आवळायचे नाहीत. रबर त्या स्थितीत धरलं जातं आणि गाडी खाली आली की कायम पिळलेलं राहतं, उंचीपण बिघडते आणि रबर लवकर फाटतं. मी गाडी जमिनीवर असताना चाकाच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंत मोजून ठेवलं होतं, ३४५ मिलिमीटर, मग हबखाली जॅक लावून तेच अंतर आल्यावर शेवटचा टॉर्क दिला. पॉली बुश मोकळं फिरतं त्याला हा नियम लागत नाही, पण त्याला सोबत दिलेलं सिलिकॉन ग्रीस भरपूर लावा. मी कंजूषी केली, दोन महिन्यांत जुन्या पलंगासारखं कुरकुरायला लागलं.

अलाइनमेंटच्या आधी एक काम राहिलं होतं ते म्हणजे डावी-उजवी उंची. कॉइलओव्हरची डावी रिंग उजवीपेक्षा ८ मिलिमीटर खाली होती, माझीच करामत. कॅम्बरमध्ये डावा-उजवा ०.३ चा फरक होता ना वरच्या कागदात, त्यातला बराचसा ह्यातूनच निघाला. उंची, हवा, मग अलाइनमेंट. उंची नंतर बदलली की सगळं परत करायचं, सुटका नाही. टाकी अर्धी भरून गेलो.

ह्यावेळी ठिकाण शोधून गेलो. वयस्कर काका होते, मशीन कॅमेऱ्याचं, चारही चाकांना टार्गेट लावून गाडी थोडी मागे-पुढे ढकलून घेतली. मी आर्म दाखवले, त्यांनी टॉर्च मारून बघितले आणि म्हणाले, "हे बरंय, वरून फिरतंय." काम सुरू झालं, काका टो आर्म फिरवतायत आणि स्क्रीनवर आकडा हलतच नाहीये. अर्धा फेरा, काही नाही. टायरला लाथ मारली की एकदम उडी मारायचा.

"काका, मागच्या प्लेटच्या पिना काढल्यात का?"

"काढल्यात रे." मग वाकून बघितलं. "अरे, ह्या बाजूची राहिली की."

मागच्या चाकांखाली सरकत्या प्लेट असतात, त्या मोकळ्या नसल्या तर टायर जमिनीला धरून बसतो आणि तुम्ही आर्म फिरवता तेव्हा चाक न वळता नुसतं रबर ताणलं जातं. पिना काढल्या, मागचा भाग दाबून दोन-तीनदा हलवला, मग आकडे सुतासारखे सरळ चालायला लागले. काकांना राग आला नाही ही त्यांची कृपा.

आधी कॅम्बर, मग टो, कारण खालचा आर्म आखूड केला की टो पण हलतो. टो लावला की कॅम्बर परत किंचित हलतो, मग परत एक फेरी. काकांनी विचारलं, "शून्य करून देऊ का कॅम्बर, टायर जास्त टिकेल." मी म्हणलं, नको, दीड राहू द्या, फक्त दोन्हीकडे सारखा करा. शून्याचा मोह बऱ्याच जणांना होतो. वळणावर गाडी झुकली की बाहेरच्या चाकाचा कॅम्बर कमी होतो, आधीच शून्य असला तर टायर बाहेरच्या कडेवर उभा राहतो आणि मागची पकड जाते. दीड अंशाने टायर आतून थोडा जास्त जाईल, जाऊ दे, टो बरोबर असला तर फार नाही जात. टो दोन्हीकडे थोडा आत ठेवला कारण ब्रेक मारला की बुश दबून मागची चाकं बाहेर उघडायला बघतात, आधी थोडी आत असतील तर त्यावेळी सरळ होतात.

शेवटचा कागद: कॅम्बर उणे १.५ आणि उणे १.५. टो अधिक ०.०८ आणि अधिक ०.०८. थ्रस्ट अँगल शून्य. मग पुढचं. दीड तास लागला सगळ्याला. काकांनी लॉक नट आवळताना टर्नबकल दुसऱ्या पान्ह्याने धरून ठेवला, हे बघून बरं वाटलं, नाहीतर नट आवळताना आर्म स्वतः फिरतो आणि केलेल्या कामावर पाणी.

चालवायला गाडी वेगळीच वाटली, अतिशयोक्ती नाही. स्टिअरिंग सरळ, ब्रेकखाली मागचा भाग शांत. आधी रस्त्यावरच्या लांब खाचांमध्ये मागचं चाक पडलं की गाडी स्वतःच बाजूला सरकायची, ते बंद झालं. कॉइलओव्हरवर मी दोन महिने डॅम्पिंगच्या क्लिक फिरवत बसलो होतो, ते सगळं ह्या टोमुळे होतं हे नंतर कळलं.

आणि मग तिसरा महिना. स्पीड ब्रेकरवरून उतरताना उजवीकडून टक् असा एक आवाज, एकच, प्रत्येक वेळी. खाली जाऊन बघितलं तर उजव्या कॅम्बर आर्मचा एक लॉक नट हाताने फिरत होता! नशिबाने मी अलाइनमेंट झाल्यावर नट आणि नळीवर एकच पांढरी रेघ मारून ठेवली होती, टर्नबकल हललेला नव्हता, नुसता नट मागे आला होता. ही गोष्ट सेटच्या नावावरच मांडतो, कारण सोबत आलेले लॉक नट बारीक उंचीचे आहेत, अर्ध्या उंचीचे म्हणा, पान्ह्याला पकडच नीट मिळत नाही. पूर्ण उंचीचे नट आणून टाकले, डाव्या आट्यांचा नट शोधण्यात आठवडा गेला. त्यानंतर एकदाही सैल नाही. तुम्ही हा किंवा असा कुठलाही सेट घेतला तर रेघ मारा आणि पहिल्या ५०० किलोमीटरनंतर टॉर्क बघा, मग दर सर्व्हिसला.

घरच्या घरी तपासायला मी दोरी वापरतो. गाडीच्या दोन्ही बाजूंना स्टँडवर दोरी ताणायची, हबच्या मध्यापासून दोन्ही बाजूंना सारखं अंतर ठेवायचं, पुढच्या दोन चाकांमधलं आणि मागच्या दोन चाकांमधलं अंतर वेगळं असतं म्हणून पुढचं पुढच्याशी आणि मागचं मागच्याशी जुळवायचं. मग रिमच्या पुढच्या आणि मागच्या कडेपासून दोरीपर्यंत स्टीलच्या पट्टीने मोजायचं. १८ इंची रिमला बाहेरच्या कडेवर साधारण ४८ सेंटिमीटर मिळतात, त्यावर ०.१ अंश म्हणजे ०.८ मिलिमीटर. अर्धा मिलिमीटर नजरेला कळतो, म्हणजे मशीनच्या जवळपास जाता येतं. मशीनची जागा घेत नाही, पण खड्ड्यात जोरात आदळल्यावर काही हललंय का हे संध्याकाळी अर्ध्या तासात कळतं. आजोबांच्या वेळचे गवंडी ओळंबा लावून भिंत बघायचे त्यातलाच प्रकार.

१४,००० किलोमीटरनंतर मागच्या टायरची नक्षी आत ५.६, मध्ये ६, बाहेर ६.१. पुढे ५.८ ते ६. दर ८,००० ला टायर पुढे-मागे करतो. आता ह्या आकड्यांवर मी समाधानी आहे.

कुणी घ्यावं? गाडी २०-२५ मिलिमीटरच खाली असेल आणि कॅम्बर उणे दोनच्या आत असेल तर कॅम्बर आर्म घेऊच नका, आधी कागद काढा, टो एक्सेंट्रिकमध्ये बसतोय का बघा, बोल्ट मोकळा आहे का बघा. टो बसत नसेल तर फक्त टो आर्म. कॅम्बर अडीचच्या पुढे गेला असेल किंवा दोन बाजूंत अर्ध्या अंशाहून जास्त फरक असेल तरच पूर्ण सेट. बरेच जण उलटं करतात, कॅम्बर आर्म टाकतात, चाकं मागून सरळ दिसायला लागली की खूश, आणि टो तसाच. वर्षाने परत तेच टायर. कॅम्बर आर्म टाकून अलाइनमेंटला न जाता आठवडाभर गाडी चालवणारे पण माहितीत आहेत, आर्म आखूड केल्यावर टो कुठे गेलाय देव जाणे आणि हे हायवेला.

दीड स्टार कापलाय तो बारीक लॉक नट, सेन्सरची पट्टी नसणं आणि त्या कोऱ्या कागदाचा. धातूचं काम, आटे, बेअरिंग ह्यात काही खोट नाही, बेअरिंगमध्ये अजून अजिबात खेळ नाही. फक्त उजव्या बाजूच्या रबरी बुटाला गेल्या आठवड्यात चीर दिसली, आत चिखल जायच्या आत बदलायला हवं. सुटं बूट मिळेल का म्हणून मेल टाकला होता, उत्तर आलं की बूट वेगळं विकत नाही, पूर्ण टोक घ्या. तूर्तास ग्रीस भरून वरून दुसऱ्या कुठल्यातरी बॉल जॉइंटचं बूट चढवलंय, मापात थोडं मोठं आहे, दोन तारा गुंडाळल्यात.